मॅकबेथचा अभ्यास

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. तो आतां नाशिकच्या एका महाविद्यालयांत इंग्रजी साहित्य घेऊन बी. ए. चा अभ्यास करीत आहे, व त्याच्या परीक्षेस शेक्सपिअरचें 'मॅकबेथ' हें नाटक नेमिलेलें आहे. मूळ नाटकाचें पुस्तक त्याच्याजवळ नव्हतें; एक गाईड मात्र होतें, आणि त्यांतील उत्तरांखालीं तांबड्या पेन्सिलीनें इतक्या रेघा मारिलेल्या होत्या कीं, रेघ नसलेली ओळ शोधावी लागावी. आम्हीं त्यास सहज विचारिलें, "मॅकबेथनें डंकन राजाचा वध कां केला?" क्षणाचाही विलंब न लावितां तो म्हणाला, "महत्त्वाकांक्षा, सर. चेटकिणींचें भविष्य आणि बायकोची चिथावणी." उत्तर चुकीचें नव्हतें. पण तें ज्या वेगानें आलें त्या वेगावरूनच आम्हीं ओळखिलें कीं, त्यानें नाटक वाचिलेलें नाहीं.

त्यास रागें भरण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. आम्ही स्वतः बी. ए. च्या परीक्षेस बसलों तेव्हां हेंच केलें होतें. मॅकबेथची पत्नी ही चौथी चेटकीणच होय, असें एक सुबक वाक्य आम्हीं कोठून तरी पाठ केलें होतें, तें उत्तरपत्रिकेंत दोनदां लिहिलें, आणि गुणही बरे मिळाले. पुढें अध्यापक झाल्यावर एका पावसाळ्यांत, पुरामुळें शाळेस अचानक सुटी मिळाली असतां, आम्हीं तें नाटक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत प्रथमच वाचिलें. आणि ज्या स्त्रीस आम्हीं चेटकीण ठरविलें होतें ती शेवटच्या अंकांत हातांत दिवा घेऊन झोपेंत चालत आली, तेव्हां आमची आम्हांलाच लाज वाटली.

त्या मुलास सुटीभर आम्हीं जें सांगितलें, तेंच येथें थोड्या विस्तारानें लिहीत आहों. आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांना आज हें नाटक नेमिलेलें नाहीं. तथापि जे विद्यार्थी पुढें इंग्रजी विषय घेतील त्यांची गांठ मॅकबेथशीं, नाहीं तर त्याचे सख्खे भाऊ हॅम्लेट, ऑथेल्लो, किंग लिअर यांपैकीं कोणाशीं तरी, पडल्यावांचून राहणार नाहीं.

प्रथम गाईड मिटून पेटींत ठेवावें आणि नाटक एका बैठकींत वाचून काढावें. हें वाटतें तितकें अवघड नाहीं. शेक्सपिअरच्या शोकान्तिकांत मॅकबेथ हें सर्वांत लहान नाटक आहे. त्याच्या ओळी सुमारें २,१०० भरतात, हॅम्लेटच्या ४,००० च्या घरांत जातात. पहिल्या वाचनांत शब्द अडला तर थांबूं नये. वाटेंत खडा लागला म्हणून कोणी प्रवास सोडीत नाहीं. शब्दकोश व टीपा दुसऱ्या वाचनाच्या वेळीं घ्याव्या. तिसरें वाचन मोठ्यानें करावें, कारण हें काव्य कानासाठीं लिहिलेलें आहे. आणि ह्यानंतर आमची स्वतःची एक रीत आहे ती अशी : प्रत्येक महत्त्वाच्या भाषणाचा अर्थ आपल्या मराठींत, घरीं बोलतों त्या मराठींत, कोणास तरी सांगून पाहावा. जेथें जीभ अडखळेल तेथें आपणांस अर्थ कळलेला नाहीं असें निश्चित समजावें. उत्तरपत्रिका इंग्रजींत लिहावयाची हें खरें. पण जें आपल्या भाषेंत कळलें नाहीं तें परक्या भाषेंत कळल्याचा आव फार वेळ टिकत नाहीं.

शेक्सपिअर मराठींत सांगणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनीं १८६७ सालीं ऑथेल्लोचें भाषांतर प्रसिद्ध केलें. गोपाळ गणेश आगरकरांनीं हॅम्लेटचें 'विकारविलसित' १८८३ सालीं काढिलें, व गणपतराव जोशी यांनीं तें रंगभूमीवर गाजविलें. देवलांचा 'झुंझारराव' ऑथेल्लोवरून आलेला आहे. मॅकबेथवरून शिवराम महादेव परांजपे यांनीं 'मानाजीराव' रचिलें. आणि आम्हां ओझरकरांनीं अभिमानानें सांगावी अशी गोष्ट म्हणजे, ज्या लेखकानें १९५४ सालीं मॅकबेथला 'राजमुकुट' हें मराठी रूप दिलें ते वि. वा. शिरवाडकर, म्हणजेच कवि कुसुमाग्रज, आपल्याच निफाड तालुक्यांत वाढले. येथून मुंबई-आग्रा रस्त्यानें पुढें निघालें कीं थोड्याच वेळांत पिंपळगाव बसवंत लागतें. त्यांचें बालपण तेथें गेलें. 'राजमुकुट'मध्यें दुर्गा खोटे यांनीं काम केलें होतें. पुढें शिरवाडकरांनीं 'ऑथेल्लो' मराठींत आणिलें, आणि १९७० सालीं रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या 'नटसम्राट' नाटकावर लिअर राजाची छाया पडलेली कोणासही दिसेल. द्राक्षांच्या मुलुखांतील मुलाला स्कॉटलंडचा राजा परका वाटण्याचें कारण नाहीं, हें यावरून कळावें. विद्यार्थ्यांनीं 'राजमुकुट' अवश्य वाचावें, पण मूळ नाटक वाचल्यानंतर. रूपांतर करणारास फेरफार करण्याचा हक्क असतो. परीक्षार्थ्यास तो नसतो.

नाटकाच्या इतिहासासंबंधानें थोडक्यांत एवढें पुरे. तें १६०६ च्या सुमारास लिहिलें गेलें व शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर १६२३ च्या संग्रहांत प्रथम छापलें गेलें. त्या वेळीं इंग्लंडच्या गादीवर स्कॉटलंडचा जेम्स राजा होता. १६०५ सालीं त्यास पार्लमेंटासह दारूनें उडवून देण्याचा कट उघडकीस आला होता. तेव्हां राजवधाचा विषय प्रेक्षकांस किती जवळचा वाटला असेल याची कल्पना करावी. कथा हॉलिन्शेडच्या बखरींतून घेतलेली आहे. खरा मॅकबेथ १०४० पासून १०५७ पर्यंत राज्य करीत होता. डंकन तेव्हां म्हातारा नव्हता, आणि तो बिछान्यांत नव्हे तर लढाईंत मारला गेला. बखरींत बँको हाही कटांत सामील आहे. शेक्सपिअरनें त्यास निर्दोष ठेविलें, कारण जेम्स राजा आपला वंश बँकोपासून आला असें मानीत असे. पण राजाची मर्जी राखण्यापेक्षां या फेरफारानें एक मोठें काम साधलें आहे.

तें काम असें. चेटकिणी माळावर मॅकबेथ व बँको या दोघांनाही भेटतात, आणि भविष्य दोघांनाही सांगतात. एकास राज्य मिळेल, दुसऱ्याच्या वंशजांस मिळेल. दोघांचे कान तेच, शब्द तेच. मग एकाच्या मनांत खून उत्पन्न व्हावा आणि दुसऱ्यानें मात्र सावध राहावें, हें कसें? बँको तेथल्या तेथेंच सांगतो कीं, अंधाराचे हे दूत क्षुल्लक बाबतींत खरें बोलतात व मोठ्या बाबतींत घात करितात. तोही मनुष्यच आहे. त्याचीही झोप पुढें त्या शब्दांनीं चाळवते, आणि मॅकबेथचा संशय येऊनही तो गप्प राहतो, हें विद्यार्थ्यांनीं नजरेआड करूं नये. परंतु तो सुरा उचलीत नाहीं.

आणखी एक गोष्ट येथें पाहण्यासारखी आहे. चेटकिणी मॅकबेथास तीन नांवांनीं हांक मारितात. पैकीं ग्लॅमिसची जहागीर त्याच्याकडे वडिलोपार्जित आहेच. कॉडॉरची जहागीर त्यास देण्याचा हुकूम डंकननें आधींच्या प्रवेशांत सोडिलेला आहे, आणि आपण प्रेक्षकांनीं तो ऐकिलेला आहे. मॅकबेथास मात्र अजून कळलेला नाहीं. म्हणजे तिहींपैकीं एक जुनी माहिती, एक वाटेवर असलेली बातमी, आणि भविष्य असें एकच. तें ऐकून मॅकबेथ दचकतो. कां दचकतो? चेटकिणींनीं 'राजाला मार' असा एक शब्दही उच्चारिलेला नाहीं. खुनाचें चित्र त्याच्या डोळ्यांपुढें त्याच्याच मनानें उभें केलें. आणि लगेच तो स्वतःशीं असेंही म्हणतो कीं, नशिबांत राज्य असेल तर तें मी हात न हालवितांही येईल. ही वाट त्यास दिसली होती. ज्या विद्यार्थ्यास 'नियति कीं इच्छा' हा प्रश्न येईल त्यानें हा प्रवेश बोट ठेवून वाचावा.

आतां मॅकबेथच्या पत्नीविषयीं. येथें आम्हांस आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांची मदत झाली, ती सांगितली पाहिजे. ते द्राक्षबागाईतदार आहेत; शाळा चौथीपर्यंत झालेली. छाटणीचे दिवस होते. दिवसभर बागेंत राबून ते संध्याकाळीं ओट्यावर बसत, आणि आम्ही व त्यांचा मुलगा तेथेंच नाटक वाचीत असूं. मुलगा एकेक भाषण मराठींत सांगे. वडील ऐकत आहेत कीं पेंगत आहेत तें कळत नसे. लेडी मॅकबेथ नवऱ्यास भित्रा म्हणून टोचते तो भाग झाला, तेव्हां मुलगा म्हणाला, "म्हणजे आनंदीबाईसारखीच, सर. ध चा मा." आम्हीं 'बरोबर' म्हणणार, इतक्यांत वडील बोलले, "गुरुजी, तो गडी काय लहान पोरगं व्हता का? बायकोनं म्हटलं आन् यानं केलं! सुरा कोणाच्या हातात व्हता?"

आम्ही उत्तर देऊं शकलों नाहीं, कारण सबंध नाटकाचें मर्म त्यांनीं एका प्रश्नांत सांगून टाकिलें होतें.

'ध चा मा' ही कथा आपणांस लहानपणापासून ठाऊक असते, म्हणून तिच्याशीं मॅकबेथ ताडून पाहणें फार उपयोगाचें आहे. मात्र साम्याबरोबर भेदही पाहावा. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांस ठार मारिलें. चुलते रघुनाथराव यांच्या हुकुमांत 'धरावें' असें होतें, तें आनंदीबाईंनीं 'मारावें' केलें, अशी आख्यायिका आहे. ती खरी कीं खोटी हा वाद इतिहासकारांचा; पण ती कशासाठीं सांगितली जाते हें लक्षांत घ्यावें. त्या एका अक्षरानें दोष नवऱ्यावरून उतरून बायकोच्या माथीं जातो. रामशास्त्री प्रभुण्यांनीं मात्र तो तसा उतरूं दिला नाहीं. त्यांनीं रघुनाथरावांस तोंडावर सांगितलें कीं, या कृत्यास देहान्त प्रायश्चित्तावांचून दुसरें प्रायश्चित्त नाहीं, आणि पुणें सोडिलें. रघुनाथरावांस पेशवाई पचली नाहीं. कारभाऱ्यांनीं बारभाईंचें कारस्थान उभें केलें, ते इंग्रजांच्या आश्रयास गेले, आणि १७८३ सालीं कोपरगांव येथें वारले. नाशिकजवळ गोदेच्या कांठीं आनंदवल्ली आहे. तिला नांव याच आनंदीबाईंचें. तिकडून जातांना पुष्कळांना ध आणि मा आठवतात. रामशास्त्री किती जणांना आठवतात?

शेक्सपिअरच्या नाटकांत अक्षर बदलण्याची सोयच ठेविलेली नाहीं. पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश उघडून पाहा. डंकन आंत जेवीत आहे. यजमान मॅकबेथ पंक्तींतून उठून एकटाच बाहेर आला आहे. तो स्वतःशीं हिशेब मांडितो. मी याचा आप्त आहें. मी याचा प्रजाजन आहें. आज तर मी याचा यजमान आहें, मारेकऱ्याला दाराबाहेर ठेवणें हें माझें काम, सुरा मीच धरावा हें नव्हे. शिवाय राजा सौम्य आणि निष्कलंक आहे, त्याच्यासाठीं सारें जग रडेल. आणि रक्त सांडण्याचा धडा जो दुसऱ्यास शिकवितो त्याच्यावरच तो उलटतो. माझ्याजवळ टोंचणी म्हणून आहे ती केवळ उडी मारूं पाहणारी हांव. असें सर्व स्वच्छ दिसल्यावर पत्नी बाहेर येते तेव्हां तो तिला सांगतोही कीं, हें काम आपण येथेंच थांबवूं. आमच्या मतें सबंध नाटकाचा कांटा या ठिकाणीं आहे. न कळून पाप करणारे लोक पुष्कळ असतात, त्यांच्यावर शोकान्तिका होत नाहीं. हा मनुष्य दिवा लावून, वाट पाहून, पुढें खड्डा आहे असें आपल्याच तोंडानें म्हणून खड्ड्यांत उतरतो.

मग पत्नीच्या बोलण्यानें काय झालें? तिनें त्याच्या एकाही कारणाचें खंडन केलेलें नाहीं. तो आप्त नाहीं किंवा पाहुणा नाहीं असें ती म्हणत नाहीं. ती एवढेंच म्हणते कीं, तूं पुरुष नाहींस. आणि रणांगणावर ज्यानें शत्रूस उभा चिरला असा तो वीर या एका शब्दास हार जातो. बक्षिसें, मैत्री, हट्ट, 'तूं भितोस' हे शब्द यांनीं शहाणीं माणसें कशीं फिरतात, हें पालकांस व मुलांस निराळें सांगावयास नको. आमच्या वर्गांत हा प्रवेश आम्ही कधीं वाचून दाखविला तर शेवटच्या बांकांवरही शांतता पसरते.

खुनाची रात्र शेक्सपिअरनें रंगभूमीवर दाखविली नाहीं. आपणांस दिसतें तें आधींचें आणि नंतरचें. आधीं हवेंत तरंगणारा सुरा; नंतर रक्तानें माखलेले हात, आणि दोघांचें तुटक तुटक, कुजबुजीचें बोलणें. मॅकबेथ काय सांगतो? झोपेंत कोणी तरी देवाचें नांव घेतलें, आणि आपणांस मात्र 'आमेन' म्हणतां आलें नाहीं. खुनास दोन पळें झालीं नाहींत आणि हा मनुष्य 'आमेन' कां म्हणतां आलें नाहीं म्हणून विचारीत बसला आहे! जो खराच निर्ढावलेला असतो त्यास असा प्रश्न पडत नाहीं. इकडे पत्नी म्हणते कीं, थोडें पाणी घेतलें म्हणजे झालें. पिलातानेंही पाणी मागविलें होतें, हें आमच्या वाचकांस आठवेल. पण तिनेंच मघाशीं कबूल केलें आहे कीं, निजलेला राजा आपल्या वडिलांसारखा दिसला नसता तर आपणच काम उरकिलें असतें. ही चेटकीण नव्हे, बाईच आहे. इतकें एक वाक्य आम्हीं परीक्षेच्या वेळीं वाचिलें असतें तर आमची चौथी चेटकीण तेथेंच विरून गेली असती.

एवढ्यांत दार ठोठावलें जातें. द्वारपाल दारूच्या धुंदींत बडबडत येतो. हा विनोद येथें कशाला, असा प्रश्न परीक्षेंत वारंवार येतो. डी क्विन्सी या इंग्रज लेखकानें १८२३ सालीं यावर एक छोटासा निबंध लिहिला : खुनाच्या क्षणीं जग थांबलेलें असतें, आणि दारावरच्या त्या ठोक्यानें तें पुन्हा चालूं लागतें. निबंध वाचावा, पण स्वतः तो प्रवेश रात्रीं एकट्यानें वाचून झाल्यावर. ब्रॅडलेचें १९०४ सालचें शोकान्तिकांवरील प्रसिद्ध पुस्तकही तसेंच, मागाहून.

तिसऱ्या अंकापासून नवराबायको दूर होऊं लागतात, हें गाईडांत एका ओळींत उरकलेलें असतें. वास्तविक तें हळूहळू पाहण्यासारखें आहे. डंकनच्या वेळीं बेत दोघांचा. बँकोस मारण्याचा बेत मात्र मॅकबेथ तिला सांगतच नाहीं. काम झालें म्हणजे वाहवा कर, तोंवर अजाण राहा, असें तो प्रेमानेंच म्हणतो. मेजवानींत बँकोचें भूत येतें तें त्यालाच दिसतें, तिला दिसत नाहीं. पाहुणे गेल्यावर दोघें त्या मोठ्या दालनांत उरतात. रागावण्याची शक्ति तिच्यांत उरलेली नाहीं, आणि तो म्हणतो, रक्तांत इतका आंत आलों आहें कीं मागें फिरणें व पुढें जाणें सारखेंच. मॅकडफच्या निरपराध बायकोमुलांचा संहार होतो तो ह्या सारखेपणांतूनच. त्यांत राज्यलोभही नाहीं. चौथ्या अंकांत माल्कम व मॅकडफ यांचा लांबलचक संवाद आहे, तो मुलांस कंटाळवाणा वाटतो. आम्हांसही वाटतो. परंतु त्याच्या शेवटीं मॅकडफला घरची बातमी कळते ती जागा चुकवूं नये.

उत्तर लिहितांना ज्याचा खरोखर उपयोग होईल असा एक अभ्यास आमच्या विद्यार्थ्यानें केला. वहीच्या एका पानावर त्यानें 'झोप' हा शब्द लिहिला आणि नाटकांत झोप जेथें जेथें येते त्या जागा टिपल्या. पहिल्याच अंकांत एक चेटकीण एका खलाशाची झोप हिरावून घेण्याची धमकी देते. डंकन झोपेंत मारला जातो. मॅकबेथास वाणी ऐकूं येते कीं, त्यानें झोपेचाच खून केला. पुढें राजा झाल्यावर तो मेलेल्या डंकनचा हेवा करितो, कां, तर तो स्वस्थ निजला आहे. मेजवानीनंतर पत्नी म्हणते, तुम्हांस झोप नाहीं. आणि पांचव्या अंकांत तीच झोपेंत चालते, हात चोळते, वैद्य आणि दासी अंधारांत उभे राहून ऐकतात. जिनें रात्रीला हांक मारिली होती तिला आतां रात्रंदिवस उशाशीं दिवा लागतो. सहा सात जागा, एक पान. असेंच एक पान रक्ताचें, एक दुसऱ्याच्या अंगावरून उतरविलेल्या वस्त्रांचें करावें. त्या मुलानें तें पान भरलें तेव्हां गाईड कोठें ठेविलें आहे हें त्याचें त्यासच आठवेना.

परीक्षेंत कथा सांगत बसूं नये. परीक्षकास कथा माहीत असते. अधःपाताची जबाबदारी कोणावर, असा प्रश्न आला तर पहिल्याच परिच्छेदांत आपलें मत लिहावें, मग चेटकिणींच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें प्रामाणिकपणें म्हणावें, पत्नीच्या बाजूचें म्हणावें, आणि प्रत्येक वेळीं नाटकांतील जागा दाखवावी. मूळांतील चारपांच शब्द अचूक आठवले तर तेवढेच घालावे. अर्धवट आठवणारी दहा ओळींची उतारे घालूं नयेत. संदर्भाच्या प्रश्नांत कोण, कोणास, केव्हां, एवढ्यावर थांबूं नये; बोलणारास त्या क्षणीं काय ठाऊक आहे व आपणांस काय ठाऊक आहे, यांतील अंतर लिहावें. डंकन गढीची हवा गोड आहे म्हणतो, तेव्हां गढींत काय शिजत आहे हें आपणच जाणतों. पालकांस एक विनंती : मुलगा मोठ्यानें वाचूं लागला तर त्यास गप्प बसवूं नये. शक्य तर ऐकावें. इंग्रजी येत नसलें तरी चालेल.

मॅकबेथ शेवटीं मॅकडफच्या तरवारीनें मरतो. तथापि त्याची शिक्षा त्यापूर्वीं होऊन गेलेली आहे. किल्ल्याभोंवतीं शत्रु जमत असतां तो म्हणतो कीं, म्हातारपणीं माणसास जें मिळावें, मान, प्रेम, आज्ञाधारक माणसें, मित्रांचा मेळा, त्यांतलें मला कांहींच मिळावयाचें नाहीं. पत्नी मेल्याची बातमी येते आणि त्यास रडूंही येत नाहीं. आयुष्य म्हणजे मूर्खानें सांगितलेली निरर्थक गोष्ट असें तो म्हणतो. हें नाटककाराचें मत म्हणून मुलें लिहितात, तें चूक आहे. ज्यानें आपल्या आयुष्याचा अर्थ स्वतःच्या हातानें पुसला त्याचें तें मत आहे. आणि नंतर नवा राजा माल्कम या दोघांस खाटीक आणि राक्षसीण अशीं नांवें देऊन मोकळा होतो. माल्कमचें म्हणणें त्याच्या जागीं ठीक आहे. त्याच्या बापाचा खून झालेला. पण तो त्या रात्रीं त्या दोघांजवळ उभा नव्हता. आपण होतों. माल्कमच्या दोन शब्दांवर उत्तर संपवावें कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

सुटी संपत आली त्या दिवशीं ओट्यावरचें वाचनही संपलें. मुलगा दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें नाशिकास जाणार होता व बॅग भरीत होता. वडिलांनीं आम्हांस चहा दिला, आणि थोडा वेळ थांबून विचारिलें, "गुरुजी, त्या बँकोचं पोरगं त्या रात्री मारेकऱ्यांच्या हातून सुटलं व्हतं ना? त्याचं पुढं काय झालं?"

फ्लीअन्स पळून जातो, त्यानंतर नाटकांत तो पुन्हा येत नाहीं. चेटकिणींनीं ज्याच्या वंशास राज्य सांगितलें तो मुलगा शेवटच्या प्रवेशांत कोठेंच नाहीं, आणि मुकुट माल्कमच्या डोक्यावर आहे. आम्हीं तसें त्यांस सांगितलें. मुलगा बॅग भरावयाचा थांबला, आणि आपलें पुस्तक काढून तिसरा अंक पुन्हा उघडून बसला.